पोर्ट ऑफ स्पेनला नेमणूक झालेल्या सिस्टर आणि फादरांसाठी

त्रिनिदादच्या राजधानीत सेवेसाठी येणाऱ्यांना व्हिसा, लसी आणि सामान यांविषयी त्यांच्या संस्थेतले वरिष्ठ सांगतातच, म्हणून ते मी सोडून देते. वसईहून इथे आल्यावर मी जिथे चुकले, तेवढेच सविस्तर लिहिते, कारण ते मला कुणीही सांगितले नव्हते आणि माझ्यामुळे एक दुःखी घर आणखी दुखावले गेले.

चूक दोन साध्या शब्दांची होती. 'गुड नाइट' आपण निरोप घेताना म्हणतो. इथे अंधार पडल्यावर भेटणाऱ्या माणसाचे स्वागत त्याच शब्दांनी होते. माझ्या दुसऱ्याच महिन्यात बेलमाँट भागातल्या एका घरी मृत्यू झाला. अंत्यविधी होईपर्यंत अशा घरी रात्री शेजारीपाजारी जमतात, भक्तिगीते गातात, कॉफी आणि बिस्किटे फिरतात, अंगणात पत्त्यांचा डाव आणि रमही चालते. त्याला 'वेक' म्हणतात. मी फाटकाशी पोहोचताच घरातली आजी खुर्चीचा आधार घेत उठली, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "गुड नाइट, सिस्टर." त्यांना एकांत हवा असेल असे समजून मी क्रुसाची खूण केली आणि तिथूनच परत फिरले. दारापर्यंत आलेली सिस्टर घरात पाऊल न टाकता निघून गेली, हे आजीच्या मनाला फार लागले. त्यानंतर कित्येक रविवार मिस्सा संपल्यावर ती माझ्याकडे न पाहता बाहेर पडत असे.

म्हणून पुन्हा सांगते. दुपारी बारापर्यंत 'गुड मॉर्निंग', त्यानंतर 'गुड आफ्टरनून' आणि दिवेलागणीनंतर 'गुड नाइट', आणि तेही ओळखीच्याच माणसाला नव्हे. मॅक्सी टॅक्सीत, म्हणजे अनेक प्रवासी घेणाऱ्या मिनीबसमध्ये चढताना, दवाखान्यात बाकावर बसण्यापूर्वी, दुकानात भाव विचारण्याआधी, तिथे असलेल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, उत्तर येईपर्यंत थांबायचे आणि मगच कामाचे बोलायचे. लोकलच्या डब्यात शिरताना आपण कुणाला नमस्कार करत नाही आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. इथे मात्र मुकाट्याने आत येणारा माणूस तोऱ्यात वागतो असा त्याचा सरळ अर्थ घेतला जातो. तुमचे प्रवचन कितीही चांगले असले तरी हा ग्रह त्याने पुसला जात नाही.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. सेंट जेम्स भागात दिल्ली, कलकत्ता, पाटणा अशा नावांचे रस्ते आहेत आणि समोरून येणारा माणूस आपल्याकडचाच वाटतो. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजाने करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी इथे उतरली आणि १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भागांतून. त्यांचे वंशज त्रिनिदादचेच आहेत. त्यांच्याशी हिंदीत सुरुवात करू नका, जात तर मुळीच विचारू नका, आणि 'कुली' हा शब्द गमतीनेही उच्चारू नका. तो इथे जिव्हारी लागतो. आपुलकी जेवणाच्या पानावर आपोआप भेटते: भाजलेल्या वांग्याचे 'बैंगन चोका' समोर आले तेव्हा मला घरच्या भरिताची आठवण होऊन भरून आले.

धर्माच्या बाबतीत घाईने निवाडा करू नका. २०११च्या जनगणनेत कॅथलिक सुमारे २२ टक्के आणि हिंदू सुमारे १८ टक्के होते. स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट या आफ्रिकी परंपरा जपणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या उपासनेवर १९१७पासून १९५१पर्यंत कायद्याने बंदी होती. आज ३० मार्चला त्यांच्या मुक्तीची सार्वजनिक सुट्टी असते. डोक्याला कापड बांधून, रस्त्याच्या कडेला घंटा वाजवत प्रार्थना करणाऱ्या बाईला अंधश्रद्ध म्हणण्याआधी हा इतिहास आठवा. दक्षिणेला सिपारिया इथल्या दिव्य मेंढपाळणीच्या, म्हणजे मरियामातेच्या मूर्तीला हिंदू भाविक 'सिपारी माई' म्हणतात आणि पवित्र गुरुवारी व उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तिच्या दर्शनाला येतात. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये.

सुरक्षेबद्दल मात्र मी मवाळपणे लिहिणार नाही. नंबरप्लेटवर 'एच' असलेलीच टॅक्सी घ्या; 'पी' असलेली खासगी गाडी स्वस्तात नेते म्हणून तिच्यात बसू नका. लष्करी छपाईचे कपडे सामानातून काढून टाका, कारण सामान्य माणसाने ते वापरणे इथे गुन्हा आहे. अंधार पडल्यावर अनोळखी वस्तीत एकट्याने जाऊ नका. चर्चमधले कुणीतरी आनंदाने सोबत येते.

आणि घाबरूनही जाऊ नका. उच्चार शिकवणारे व्हिडिओ पाहून किंवा वीस वर्षे इथे राहूनही आपल्याच मंडळींत जेवणाऱ्या ज्येष्ठांकडून हे शहर कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. चर्चच्या कार्यालयात बसणारी बाई आणि पहिल्या बाकावरच्या आज्या याच खऱ्या गुरू. मलाही त्या कार्यालयातल्या बाईनेच माझी चूक समजावून सांगितली, एका संध्याकाळी बेलमाँटला नेले आणि फाटकापाशी मागे थांबून मला पुढे बोलू दिले. आजीने लगेच क्षमा केली नाही. तिने आधी मला बसवले, कॉफी दिली आणि गेलेल्या मुलाविषयी दोन तास सांगितले, जे मी त्या पहिल्या रात्री ऐकायला हवे होते.