रोमन जलपात्राची निगा: चांदी आणि मुलाम्याचे कांस्य

१८व्या शतकात रोममध्ये घडवलेल्या, पलंगाशेजारच्या भिंतीवर टांगायच्या काही पवित्र जलपात्रांत (कॅथलिक घरांत आशीर्वादित पाणी ठेवायची पात्रे) चांदीच्या पत्र्यावर उठावाने काढलेली येशूची आई मरिया हिची आकृती, भोवती सोन्याचा मुलामा दिलेली कांस्याची चौकट आणि खाली बोटे बुडवण्यापुरती वाटी असते. सफाईपूर्वी चांदीच्या कडेवर भिंग धरून छाप, म्हणजे चांदीवर ठोकलेली अधिकृत खूण, शोधावा. छत्रीखाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन किल्ल्या दिसल्या, तर तो पोपच्या राज्याचा छाप असण्याची शक्यता मोठी आहे.

हातमोजे घालून, मऊ केसांच्या ब्रशने फक्त धूळ झाडावी. चांदी गंधकामुळे काळवंडते, पण नक्षीच्या खोबणीतला काळेपणा मुळीच काढू नये, कारण चेहऱ्याची घडण त्याच सावलीमुळे उठून दिसते. कांस्यावरचा मुलामा पाऱ्यात विरघळवलेले सोने लावून आणि तापवून पारा उडवल्यावर उरलेला अत्यंत पातळ थर असतो. त्याला चिंच, लिंबू, राख किंवा बाजारातले पॉलिश कधीही लावू नये, कारण एकदा घासून गेलेले सोने परत येत नाही. वाटीत हिरवी भुकटी दिसल्यास मात्र स्वतः काही न करता वस्तू धातुसंवर्धकाकडे न्यावी.