घाटात ऑइल प्रेशरचा काटा एकदम खाली: रिलीफ व्हॉल्व्हचा दोष

उसाने भरलेला जुना सहा सिलिंडरचा ट्रक मांजरसुंब्याचा घाट चढत होता आणि काटा शून्यावर आला. अशा वेळी इंजिन जागेवर बंद करा. 'बीडपर्यंत हळूहळू नेऊ' म्हटलं की क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) गेलाच समजा.

डिपस्टिकवर पातळी बरोबर, डिझेलचा वास नाही, दुधाळपणाही नाही, म्हणजे ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळलेलं नाही. सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा सेन्सर) काढून त्या भोकात मेकॅनिकल गेज लावलं, कारण बऱ्याचदा सेंडरच खोटं बोलतो. इथे मात्र प्रेशर खरंच नव्हतं. गरम इंजिनला आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) साधारण १ बार, १५०० आरपीएमच्या वर ३ ते ४ बार हवं.

बेअरिंग झिजलं तर प्रेशर महिनोन्‌महिने उतरत जातं. एका झटक्यात गेलं तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशरचं ऑइल परत सोडणारी झडप), सक्शन पाइप (पंपाला ऑइल खेचून देणारी नळी) किंवा ऑइल पंप फिरवणारी ड्राइव्ह बघा. फिल्टर कापून घड्या उलगडल्या. पितळी चमक नव्हती, म्हणजे बेअरिंग शाबूत. चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवलं. सक्शन पाइपची जाळी स्वच्छ, पण रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर (आतला दट्ट्या) उघडाच अडकलेला. सीटवर सिलिकॉनचा बारीक तुकडा! चेंबरला गॅस्केटसोबत सिलिकॉन चोपडलं की आतली कड सुटून हेच होतं.

प्लंजर १००० नंबरच्या पेपरने डिझेलमध्ये साफ केला. तो स्वतःच्या वजनाने भोकात घसरला पाहिजे. स्प्रिंग नवी टाकली. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवू नका, त्याने झीज फक्त झाकली जाते. नवा फिल्टर आणि १५डब्ल्यू-४० ऑइल भरून, डिझेल बंद ठेवून, गेज हलेपर्यंत स्टार्टर १०-१० सेकंद मारला. गरम झाल्यावर आयडलला १.२ बार.