स्वस्तात गेमिंग पीसी जोडताय? मग अर्ध्या नावावर पार्ट घेणं आधी बंद करा

चाळीस-पंचेचाळीस हजारांचं बजेट आहे असं दुकानात सांगितलं की थोड्या वेळात व्हॉट्सअॅपवर कोटेशन येतं आणि ते साधारण असं असतं: आय ७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉट एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आरजीबी (रंगीत लाइटवालं) कॅबिनेट. वाचायला एकदम भारी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, घाईत असलेला माणूस एवढं वाचून हो म्हणून मोकळा होतो. पण नीट बघा, या यादीत एकाही पार्टचं पूर्ण नाव नाहीये. कुठला आय ७? कुठलं कार्ड? रॅमची एक काडी का दोन? माझ्या मते स्वस्त बिल्डमधल्या निम्म्याहून जास्त चुका इथेच होऊन जातात, स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधीच. त्यामुळे पहिलं काम म्हणजे प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा, आणि जो देत नाही त्याच्याकडून घेऊच नका.

आय ७, पण कितवा?

या बजेटमध्ये आय ७ मिळतोय म्हटल्यावर तो नव्वद टक्के आय ७-३७७० नाहीतर त्याच्याही आधीचा २६०० निघणार. ३७७० आला २०१२ मध्ये. त्याच्यासोबत जो "नवा कोरा" एच ६१ मदरबोर्ड देतात त्याचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) २०११ चा, त्यात साटा पोर्ट (एसएसडी-हार्डडिस्क जोडायची जागा) ३ जीबीपीएसवालेच, म्हणजे साधी साटा एसएसडीसुद्धा पूर्ण वेगाने पळत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आय ३-१२१००एफ नावाने लहान वाटतो, चारच कोअर आहेत त्याला, पण गेममध्ये तो या जुन्या आय ७ ला आरामात मागे टाकतो.

आणि खरी गोची पुढे आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालते आणि टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) मागते, ३७७० तर तिसऱ्याच जनरेशनचा. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसी चालू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू नसेल तर उघडतच नाही. म्हणजे ज्या गेमसाठी पोरगं महिनाभर घरी मागे लागलं होतं तोच गेम ३७७० वर रडवणार. जुगाड करून विंडोज ११ टाकता येते हो, पण गेमच्या अँटी-चीटला (चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) जुगाड चालत नाही.

दुसरं म्हणजे नावाच्या शेवटचं एक अक्षर. इंटेलच्या नंबरमागे एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. "आत्ता प्रोसेसर घेतो, कार्ड दिवाळीला" असा प्लॅन असेल तर एफवाला घेऊन दिवाळीपर्यंत काळा स्क्रीन बघत बसाल. असा टप्प्याटप्प्याचा प्लॅन असेल तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी बरा, त्यात आतलं ग्राफिक्स ठीकठाक आहे, हलके गेम १०८० पी ला सेटिंग उतरवून चालतात. पण कार्ड पहिल्या दिवसापासून येणार असेल तर जी घेऊ नका, साधा ५६०० घ्या, कारण जीमध्ये एल ३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आणि साध्यात ३२, आणि जी पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता) ३.० वर अडकतो, साधा ४.० वर चालतो. ५५०० पण या बाबतीत जीचाच भाऊ, कॅश तेवढीच, पीसीआयई ३.० च, आणि वर ग्राफिक्सही नाही.

"४ जीबी कार्ड" असं कार्डच नसतं

सगळ्यात जास्त पैसे इथे पाण्यात जातात म्हणून इथे जरा थांबू. नुसतं ४ जीबी लिहिलंय म्हणजे ते जीटी ७३० असू शकतं, डीडीआर ३ मेमरीवालं, २०१४ चं. त्याला ४ जीबी लावा नाहीतर ८, चिपच कमजोर आहे तर मेमरी काय करणार, आणि एनव्हिडियाने त्या पिढीच्या केप्लर कार्डांना नवीन गेम ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच बंद केलंय. डिस्प्ले दाखवायला ठीक, गेमला नाही.

मग सेम नावाची दोन कार्डं हा वेगळाच खेळ. जीटी १०३० एक जीडीडीआर ५ वालं आणि एक डीडीआर ४ वालं, बॉक्स जवळपास सारखा, पण मेमरी बँडविड्थ (डेटा ने-आण करायचा वेग) एकाची ४८ जीबी प्रति सेकंद आणि दुसऱ्याची १७ च्याही आत. आरएक्स ५८० च्या पुढे बारीक अक्षरात "२०४८ एसपी" लिहिलं असेल तर ते खरं ५८० नाही, खऱ्यात २३०४ शेडर (ग्राफिक्सचं काम करणारे छोटे कोअर) असतात, हे ५७० च्या लायकीचं. आरटीएक्स ३०५० मध्ये पण ६ जीबी आणि ८ जीबी हा फक्त मेमरीचा फरक नाहीये, कोअर २३०४ आणि २५६०, मेमरीची बस (डेटाचा रस्ता) ९६ बिट आणि १२८ बिट. आता ६ जीबीवालं वाईट आहे का, तर नाही, ते ७० वॉटवर चालतं आणि बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे घरातल्या जुन्या ऑफिसच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये टाकायला तेच सोयीचं. फक्त ८ जीबीच्या भावात गळ्यात मारून घेऊ नका.

आरएक्स ६५०० एक्सटी बद्दल लोक हमखास फसतात. हे कार्ड पीसीआयईच्या चारच लेनवर चालतं. ४.० वाल्या प्रोसेसर आणि बोर्डवर चालून जातं, पण ५६००जीसोबत किंवा बी ४५० बोर्डवर लावलं की ३.० च्या चार लेन मिळतात, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेमप्ले रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे मनसुबे असतील तर सगळा भार प्रोसेसरवर. थोडे पैसे साठवून आरएक्स ६६०० नवं किंवा खात्रीचं जुनं मिळत असेल तर तेच घ्या, ८ जीबी, आठ लेन, १०८० पी ला अजूनही मस्त.

जुनं कार्ड घेताना विकणाऱ्याकडेच लावून बघायचं. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, बायोस (पार्टच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेलं असेल तर तो बऱ्याचदा नावाच्या आधी फेक असं स्वच्छ लिहून दाखवतो. मग पंधरा-वीस मिनिटं जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवा, नुसता डेस्कटॉप बघून पैसे देऊ नका, कारण मरायला टेकलेलं कार्ड डेस्कटॉपवर एकदम शहाण्यासारखं वागतं आणि लोड आला की स्क्रीनवर चौकडे दिसायला लागतात.

एसएमपीएसचं स्टिकर वाचा

कॅबिनेटसोबत फुकट आलेला ४५० वॉटचा डबा हातात घ्या, उलटा करा, बाजूचं स्टिकर बघा. तिथे एक तक्ता असतो, त्यात प्लस १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असेल तर झाले १९२ वॉट, बास. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलंय ते कुठून आलं ते त्यांनाच माहीत. आता हिशोब करा, आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉटपर्यंत खातं, १२१००एफ पूर्ण लोडवर ८९ पर्यंत जातो, म्हणजे इथेच २२१, बोर्ड-पंखे-ड्राइव्ह राहिलेच. असा डबा मग गेम चालू झाल्यावर दहा मिनिटांनी पीसी बंद करतो, माणूस विंडोज टाकतो, रॅम बदलतो, व्हायरस शोधतो, आणि दोषी मात्र खाली गप बसलेला असतो.

असल्या डब्यात कार्डासाठी ६ पिन किंवा ८ पिनची केबल पण नसते बऱ्याचदा, मग मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या ४ पिनच्या कनेक्टरवरून) कन्व्हर्टर लावतात. ८ पिन १५० वॉटसाठी असते, ते एका बारीक मोलेक्स वायरवरून ओढायचं म्हणजे कनेक्टर वितळायची तयारी. चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ४५० किंवा ५५० वॉट घ्या, या लेव्हलच्या बिल्डला तो पुरतो, ७५० ची गरज नाही. पैसे कमी पडत असतील तर काचेचं कॅबिनेट सोडा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं व्हायला नको, आणि समोरून पूर्ण काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा आत शिरायला जागाच नसते, मे महिन्यात विदर्भात असलं कॅबिनेट वापरणाऱ्याला विचारा.

रॅम, एसएसडी, बोर्ड

१६ जीबी म्हणजे ८ अधिक ८ घ्या. एकच १६ ची काडी लावली तर सिंगल चॅनल, म्हणजे डेटा एकाच वाटेने, आणि ५६००जीसारखं आतलं ग्राफिक्स रॅमच मेमरी म्हणून वापरतं त्यामुळे तिथे मार जोरात बसतो. बोर्डला चार स्लॉट असतील तर शक्यतो प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, आणि बी ७६० सारखे बोर्ड दोन्ही प्रकारात येतात, तेव्हा बोर्डाचंही पूर्ण नाव बघा. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटाकडे भयंकर चढले, त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या व्हिडिओतली किंमत धरून बजेट मांडू नका.

एम.२ (बोर्डावरच चपट्या बसणाऱ्या) एसएसडी दिसायला सारख्या पण काही साटा आणि काही एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणाऱ्या, जास्त वेगवान) असतात, बोर्डचा स्लॉट कुठली घेतो ते मॅन्युअलमध्ये असतं. आणि जुन्या स्टॉकचा बी ४५० किंवा ए ३२० बोर्ड असेल तर रायझन ५००० सिरीजसाठी बायोस अपडेट लागू शकतो, दुकानदाराला तिथेच करून द्यायला सांगा, नंतर घरी प्रोसेसरच ओळखत नाही म्हटल्यावर अपडेट करणार कशावर?

बिल पक्कंच घ्या. कच्च्या बिलावर १८ टक्के जीएसटी वाचवायचा मोह होतो, पण सर्व्हिस सेंटरवाले बिल मागतात आणि त्यावर सिरीयल नंबर नसेल तर तुमची वॉरंटी तुमच्याकडेच.

जोडला, पण डिस्प्ले नाही

पंखे फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन काळा. सगळ्यात आधी मागे जाऊन बघा मॉनिटरची केबल कुठे लावलीय. ती कार्डात हवी, बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये नाही, हसू नका, हे रोज होतं. मग प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनची वेगळी पॉवर, बोर्डाच्या डावीकडे वरच्या कोपऱ्यात, ती विसरलेली असते. मग रॅम काढून परत दाबा, खटकन आवाज येईपर्यंत, आणि नाहीच तर एकच काडी लावून चालू करा. डीडीआर ५ वाला एएम ५ (एएमडीचं नवं सॉकेट) बोर्ड असेल तर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळाच राहतो, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

चालू झाला पण प्रोसेसर लगेच शंभर डिग्रीला गेला तर कूलर बघा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार पिनांपैकी एखादी अर्धवटच बसलेली असते, आणि वेगळा कूलर घेतला असेल तर खालचं पारदर्शक प्लास्टिक सोलायचं राहिलेलं असतं. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर कूलर काढायचा झाला तर आधी पीसी थोडा गरम करा आणि हळू फिरवत काढा, सरळ ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

चालतोय, पण एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कुठे गेले?

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा. ३२०० ची रॅम २४०० नाहीतर २६६६ वर पळत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू केलेलं नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर किती हर्ट्झवर आहे ते बघा, १४४ चा मॉनिटर घेऊन महिनोनमहिने ६० वर खेळणारे भरपूर आहेत. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर १४४ चा पर्यायच दिसणार नाही कदाचित, तिथे डिस्प्ले पोर्टची केबल लावा.

राहिला विषय अर्थिंगचा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर बहुतेकदा एसएमपीएस खराब नसतो, घरातल्या सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेची असते. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडा करंट बॉडीला सोडतो आणि तो जमिनीत जायला वाट नसली की तुमच्यातून जातो. टू-पिन कन्व्हर्टर लावला असेल तर आजच काढा, आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या चाळीत आणि गावाकडच्या घरात तर हे आधीच करा. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नाही, साधारण ३६० वॉट, आणि त्याच्यावर मॉनिटर, पीसी आणि राउटर एवढंच ठेवा, स्पीकर आणि प्रिंटर भिंतीवरच्या सॉकेटला.