शेजारी टॉवर येतोय? कोल्हापुरात हरकत घ्यायची तर अशी घ्या

कोल्हापुरात हल्ली या विषयावर दोनच पार्ट्या आहेत. एक म्हणते टॉवर आले की गावाचं वाटोळं झालं, अंबाबाईचं शिखर दिसायचं बंद झालं, पेठा गेल्या, शेजार गेला. दुसरी म्हणते पुणं बघा कुठल्या कुठं गेलं आणि आपण अजून दोन मजल्यांवर कौलं टाकून बसलोय, पोरं नोकरीला बाहेर जाणार नाहीत तर काय. दोघंही कट्ट्यावर तावातावानं बोलतात, चहा संपतो, आणि तिकडं बिल्डर निवांत पाया खणतो. कारण दोन्हीपैकी कुणीच कागद हातात घेतलेला नसतो.

आंदोलन कसं करायचं हे कोल्हापूरकराला शिकवायची गरज नाही, टोल घालवलेलं गाव आहे हे. पण टॉवरच्या भानगडीत मोर्चापेक्षा अर्ज जास्त चालतो, आणि अर्ज योग्य वेळी योग्य टेबलावर गेला तरच चालतो. म्हणून हे लिहितोय.

पहिल्यांदा एक कडू गोष्ट पचवून घ्या. शेजारच्या प्लॉटवर बारा मजल्यांचा अर्ज आला तर महापालिका तुम्हाला विचारत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्यात कलम 44 खाली मालक अर्ज करतो आणि 45 खाली परवानगी मिळते, मध्ये शेजाऱ्याच्या हरकती मागवायचा टप्पाच नाही. नियमात बसतंय तर परवानगी द्यावीच लागते. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन "आमचं ऊन जातंय" म्हटलं तर साहेब चहा पाजतील, पण फाईल थांबणार नाही.

जनतेला विचारतात ते नियम ठरताना. शहराची विकास योजना म्हणजे डीपी नव्यानं होते तेव्हा प्रारूप प्रसिद्ध करून कलम 26 खाली 30 दिवस हरकती-सूचना घेतात, पुढं कलम 28 ची नियोजन समिती सुनावणी घेते. एखाद्या जागेचा झोन बदलायचा, आरक्षण उठवायचं, नियमात फेरफार करायचा, तर कलम 37 ची नोटीस निघते आणि तिलाही एक महिन्याची मुदत असते. या नोटिसा राजपत्रात येतात आणि पेपरात येतात, पण कुठं? सातव्या पानावर, हरवले-सापडले आणि नाव बदललेच्या मधे, बारीक टायपात. तुमच्या तालमीत, मंडळात नाहीतर सोसायटीत एक रिटायर्ड माणूस असतोच जो पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, त्याच्यावर हे काम सोपवा. मजेत सांगत नाही, याच्याइतका उपयोगी सल्ला या अख्ख्या लेखात दुसरा नाही. जागा "हरित" ची "रहिवासी" झाली त्या महिन्यात पन्नास अर्ज गेले असते तर काही सांगता आलं असतं, क्रेन उभी राहिल्यावर पाचशे सह्या गोळा करून काय करायचं.

आता हरकतीत लिहायचं काय? इथंच लोक घसरतात. "शहराचं सौंदर्य", "संस्कृतीवर घाला", असलं लिहिलं की सुनावणीतला अधिकारी एका वाक्यात निकाली काढतो. आकडा लिहा, अंतर लिहा, रस्त्याचं नाव लिहा. आपल्याकडं याचं नमुनेदार उदाहरण आहे, आणि ते म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं रंकाळ्याच्या बाजूनं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात देवीच्या पायावर येतात, पुढच्या दिवसांत वर चढत मुखापर्यंत जातात. मधल्या इमारतींनी ती अडायला लागली तेव्हा नुसती भावना दुखावल्याची बोंब मारून भागलं नाही. अभ्यासक मंडळींनी किरणांचा मार्ग मोजला, कुठल्या इमारतीचा कुठला भाग, कुठली टाकी, कुठला पत्रा आडवा येतोय हे शोधलं, मग कुठं अडथळे काढायचा विषय नोटिशीपर्यंत गेला. उंचीवरून कोल्हापुरात झालेला हा सगळ्यात शहाणा वाद. किरण किती वाजता कुठं अडतो हे सांगितल्यावर समोरच्याला बोलायला जागा राहत नाही.

बरं, नियम काय आहेत ते थोडक्यात. 2 डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आहे, तिला यूडीसीपीआर म्हणतात. आधी कोल्हापूरचे नियम वेगळे होते, आता पुणे-नाशिकचं जे पुस्तक तेच बऱ्यापैकी आपलं. उंच इमारतींना खरं दार इथून उघडलं. यात प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येणार म्हणजे एफएसआय किती, हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. गावठाणाबाहेर मूळ एफएसआय 1.10, रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय नाही आणि टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क पण नाही. रस्ता रुंद तसा पैसे भरून आणि टीडीआर विकत घेऊन आकडा वाढत जातो, आणि निवासी इमारतीला त्या सगळ्यावर 60 टक्के ॲन्सिलरी, म्हणजे जिने, लिफ्ट, बाल्कनी असल्या पूरक भागांसाठीचा एफएसआय, वेगळा मिळतो. म्हणजे 1.10 वाचून गाफील राहू नका, तोच ॲन्सिलरी धरून 1.76 होतो.

म्हणून पहिलं काम, टेप घेऊन रस्ता मोजा. सकाळी लवकर, गाड्या लागायच्या आत. नकाशात 12 मीटर दाखवलाय आणि जागेवर साडेआठ भरतोय अशी प्रकरणं जुन्या कॉलन्यांत निघू शकतात, कुठं कंपाउंड पुढं आलेलं असतं, कुठं रस्ता डीपीत रुंद आहे पण ताब्यात आलेलाच नाही. डीपीतला रस्ता की जागेवरचा रस्ता, परवानगी कशाच्या जोरावर दिली हा प्रश्न लेखी विचारला की उत्तर द्यावं लागतं. फोटो काढताना टेपची दोन्ही टोकं दिसू द्यात.

दुसरं, मार्जिन. गावठाणाबाहेर उंच इमारतीला बाजूला आणि मागं साधारण उंचीचा पाचवा हिस्सा मोकळा सोडावा लागतो, जास्तीत जास्त 12 मीटर. 30 मीटर उंची असेल तर 6 मीटर. पार्किंगच्या मजल्यांची उंची यात काही मर्यादेपर्यंत धरत नाहीत, त्यामुळं तुम्ही खालून मजले मोजून भांडायला जाल तर तोंडावर पडाल, आधी मंजूर नकाशा बघा.

नकाशा कुठं मिळतो? महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची साईट. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की विक्रीच्या प्रोजेक्टला नोंदणी लागतेच, आणि तिथं मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र, मजल्यांची संख्या, सगळं घरबसल्या दिसतं. साईटवरच्या बोर्डावर रेरा नंबर असतो, तो टाकला की झालं. बोर्डच लावला नसेल तर तीच पहिली तक्रार.

तिथं नाही मिळालं तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर, नाही आलं तर प्रथम अपील. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, हे विसरून चार पानी कैफियत लिहिणारे बरेच आहेत, ती परत येते. "परवानगी का दिली" असं विचारू नका, "का" चं उत्तर मिळत नाही, कागद मागा. असं लिहा:

"ई वॉर्ड, सि.स.नं. अमुक येथील बांधकामाचा मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, पूररेषेबाबतचा अभिप्राय व पाणीपुरवठा आणि ड्रेनेज विभागाचे अभिप्राय यांच्या प्रती मिळाव्यात, तसेच सदर फाईलचे अवलोकन करू द्यावे."

वॉर्डाचं अक्षर विसरू नका. आपल्याकडं सिटी सर्व्हे नंबर ए ते ई वॉर्डाप्रमाणं आहेत, तोच नंबर दुसऱ्या वॉर्डात पण असू शकतो, आणि मग "माहिती उपलब्ध नाही" असं पत्र हातात येतं. झोन काय आहे याची खात्री करायची तर झोन दाखला आणि भाग नकाशा वेगळा अर्ज करून मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पूर. इतर गावांत टॉवर म्हटलं की सावली आणि पार्किंगवरून वाद होतात, आपल्याकडं पंचगंगा आहे. 2005, 2019, 2021. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कातला काही भाग, कुठं कुठं बोटी फिरल्या ते सगळ्यांनी बघितलंय.

नियमात दोन रेषा आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, नदी ते निळी रेषा यात नवीन बांधकामाला जवळपास बंदीच. लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. दोन्हीच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम चालतं पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर. इथं एक घोळ नेहमी होतो. बंधाऱ्यावरची पातळी फुटात आणि त्या मोजपट्टीवरची असते, पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. हरकतीत दोन्ही मिसळली की तुमचा अर्ज हसण्यावारी जातो.

आणि खरा प्रश्न विचारायचा तो उंचीचा नाहीच, भरावाचा. इमारत वर उचलायला प्लॉटभर मुरूम टाकून भरणार, की खाली खांब ठेवून पाणी जाऊ देणार? भराव टाकला की त्याचं पार्किंग वाचतं आणि तेच पाणी शेजारच्या बैठ्या घरात शिरतं. दहा मजल्यांची इमारत खांबांवर असेल आणि शेजारचा दोन मजली बंगला भरावावर असेल, तर माझ्या मते पुराच्या बाबतीत बंगला जास्त गुन्हेगार. हे उंचीविरोधी मंडळींना आवडत नाही, पण असंच आहे.

पाणी आणि ड्रेनेजवर मी जास्त लिहीत नाही. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन यायला 2023 ची दिवाळी उजाडली, आणि पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत आलं म्हणजे तुमच्या गल्लीतल्या जुन्या लाईनीतून वर चढेल असं नाही. लाईनीचा व्यास विचारा, सांडपाणी कुठल्या लाईनीला जोडणार ते विचारा, नाहीतर ते जयंती नाल्यातून परत नदीतच जायचं.

आगीचं मात्र नीट विचारा. आपल्या अग्निशमन दलाची शिडी किती मीटरपर्यंत पोचते, इमारत किती मीटर, आणि गाडी त्या रस्त्यावरून वळते का, हे तीन आकडे एका कागदावर मागा. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळताना गावानं डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं हा प्रश्न विचारला की सभेत कुणी हसत नाही. उंची जास्त असेल आणि जागा उजळाईवाडीच्या बाजूला असेल तर विमानतळ प्राधिकरणाची उंचीची एनओसी पण बघा. हेरिटेज यादीतल्या वास्तूच्या शेजारी असेल तर हेरिटेज समितीकडं गेलं होतं का ते विचारा.

सार्वजनिक चर्चेला बसलात तर समोरून एक प्रश्न हमखास येणार, त्याचं उत्तर तयार ठेवा. महापालिका 1972 ला झाली, हद्द अजून तीच, 66.82 चौरस किलोमीटर. 2011 ला लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आसपास होती, आता वाढलेलीच असणार. हद्दवाढ म्हटलं की गावं विरोधात उठतात, मग 2017 ला 42 गावांचं प्राधिकरण केलं, तरी शहर आहे तेवढंच. आडवं वाढू देणार नाही आणि उभं पण वाढू देणार नाही म्हटलं तर पोरांनी राहायचं कुठं? हा प्रश्न रास्त आहे. "बिल्डरचा दलाल" म्हणून तो उडवून लावला की बघे सगळे तिकडं झुकतात. त्यापेक्षा जागा सुचवा. रुंद रस्ता, पूररेषेबाहेर, मोठी लाईन असलेली जागा असेल तिथं पंधरा मजले होऊ देत म्हणा, आणि महाद्वार रोडच्या, शिवाजी पेठेच्या बोळात मात्र आहे तीच उंची ठेवा म्हणा. पेठेतल्या जुन्या घरमालकाला पण बोलवा, त्याचा वाडा पडायला आलाय आणि चार भावांत वाटणी व्हायचीये, त्याला "वारसा जपा" म्हणणं आपल्याला फुकट पडतं, त्याला नाही.

परवानगी मिळाली आणि काम सुरू झालं म्हणजे संपलं असं नाही. मंजूर नकाशाची प्रिंट ठेवा आणि जोत्याच्या टप्प्यालाच मार्जिन मोजा, चौथ्या मजल्यावर जाऊन ओरडण्यात अर्थ नाही. नकाशाबाहेर काम दिसलं तर आयुक्तांच्या नावानं लेखी तक्रार, त्यात कलम 53 खाली कारवाईची मागणी, आणि आवक नंबराचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसताना लोक राहायला आले तर तेही कळवा. आणि पुढं तुम्हीच त्या टॉवरात फ्लॅट घेतलात, घेतात की बरेच जण, तर सोसायटीकडून दर जानेवारी आणि जुलैला फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरला जातोय का एवढं बघत जावा.