घरचा हॅम (हौशी रेडिओ) टॉवर उभारताय? या चुका टाळा

टॉवर कोसळला की लोक आधी वरच्या यागीकडे (एका दिशेला रोखलेल्या, आडव्या नळ्यांच्या अँटेनाकडे) बोट दाखवतात. "अँटेनाच फार मोठी होती." दोष बहुतेक वेळा खाली असतो. पायात, स्टेच्या (आधाराच्या ताणतारेच्या) खुंटात, गंजलेल्या बोल्टमध्ये, म्हणजे उभारणीनंतर कोणी ढुंकून बघत नाही तिथे. त्यातून सातारा-सांगलीकडे टॉवर उभे राहतात दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, जमीन दगडासारखी घट्ट असताना. त्या दिवशी सगळंच ठणठणीत दिसतं. चूक उघडी पडते ती मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात नाहीतर जुलैच्या झडीत.

उंची हौसेने ठरवणं

तुम्हाला 40 मीटर बँडवर (सुमारे 40 मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात) मुंबई, नागपूर, गोव्याशी गप्पा मारायच्या असतील तर टॉवर नकोच. 7.1 मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, साधारण 20 मीटर लांब होतो. तो 8-10 मीटरवर ताणला की त्याचा बराचसा जोर थेट वर जातो आणि आयनांबरावरून (हवेच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून आसपासच्या काहीशे किलोमीटरवर उतरतो. महाराष्ट्रापुरतं हेच हवं असतं. गच्चीवर एक पाइप आणि समोर एखादा नारळ, झालं काम.

टॉवर लागतो तो 20 मीटर बँडच्या यागीला किंवा व्हीएचएफला (2 मीटर बँडसारख्या वरच्या वारंवारतांना). तिथेही हिशेब करा. रेडिओचं क्षितिज उंचीच्या वर्गमुळाने वाढतं. अँटेना 9 मीटरवरून 16 मीटरवर नेली तर ते सुमारे 12 किलोमीटरवरून साडेसोळावर जातं, एवढंच. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर असेल तर आणखी एक पाइप चढवून डोंगर ओलांडला जात नाही. कराडकरांनी शेजारी विमानतळ आहे हे विसरू नये. उंच बांधकामाचे नियम काय लागतात ते लोखंड घेण्याआधी विचारा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकूनही लोक टॉवर अंदाजाने बांधतात. आयएस 875 भाग 3 या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद दिलेला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. आपणही निदान तेवढा धरावा. सूत्र सोपं आहे, 0.6 गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं चौरस मीटरला 910 न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे 93 किलोचा रेटा. अर्धा चौरस मीटर क्षेत्राची यागी असली तर 45 किलोहून जास्त आडवा जोर, तोही टोकाला. आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ठोसेघर-सज्जनगडच्या बाजूला राहत असाल तर हा आकडा वाढवूनच घ्या.

"दीड इंची पाइप द्या"

एवढंच सांगितलं तर दुकानदार स्वस्तातला देणार. जीआय पाइपवर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे ए क्लास, हलका. निळा बी क्लास, लाल सी क्लास. टीव्हीच्या अँटेनाला ए चालून गेला, इथे निदान बी घ्या. दीड इंची बी क्लासची जाडी 3.2 मिलिमीटर असते आणि 6 मीटरचा पाइप 21 किलोच्या आसपास भरतो. पट्टा पुसलेला असेल तर सरळ काट्यावर टाका.

जोड सॉकेटचा नको. आटे पाडताना पाइपची जवळपास निम्मी जाडी तिथे गेलेली असते, आणि मास्ट (पाइपचा उभा खांब) नेमका त्याच आट्यांत मोडतो. बाहेरून घट्ट बसणारी दीड-दोन फुटांची बाही घालून आरपार बोल्ट मारा. वेल्डिंग केलंत तर जस्त जळतं. तो पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका, काम उघड्यावर करा. मग जोड घासून त्यावर जस्ताचा रंग द्या. नुसत्या रेड ऑक्साइडवर दोन पावसाळे काढायची अपेक्षा ठेवू नका.

काळी माती फसवते

सांगली, मिरज, पलूस, वाळवा. कृष्णाकाठची ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. डिसेंबरात ठोकलेला अँगलचा खुंट घणाने हलत नाही म्हणून माणूस खूश होतो, आणि आषाढात तोच खुंट हाताने डुलतो. काळ्या मातीत नुसते ठोकलेले खुंट हा या भागातला सगळ्यात मोठा दोष आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुरूम लागेपर्यंत खणा. फारच खोल असेल तर खड्डा तळाशी रुंद करा, आडव्या सळ्यांची जाळी टाका आणि काँक्रीटचा ठोकळा असा ओता की तो उपटायचा तर वरची सगळी माती उचलावी लागेल. भरताना तीच काळी माती परत ढकलू नका. मुरूम टाका, थरावर पाणी मारा, धुम्मस करा. काँक्रीटला पुरती ताकद यायला 28 दिवस धरतात. रविवारी ओतून पुढच्या रविवारी टॉवर चढवणाऱ्यांना हे ऐकायचं नसतं.

साताऱ्याच्या पश्चिमेला प्रश्न उलटा आहे. फुटा-दोन फुटांवर कातळ किंवा जांभा लागतो. तिथे खड्ड्यासाठी झगडण्यापेक्षा कातळात भोक पाडून बोल्ट ग्राउटने पक्के करणं बरं, पण तो कातळ सलग आहे की सुटा धोंडा आहे हे आधी बघा.

पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडला तर तो आतून पाण्याने भरतो. वर टोपी हवी आणि खाली, काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या जरा वर, पाणी निघायला छोटं भोक. ठोकळ्याचा माथा जमिनीच्या वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. लोखंड गंजतं ते नेहमी जमिनीच्या रेषेला. 2019 किंवा 2021 च्या पुराचं पाणी ज्या अंगणात आलं होतं, तिथे पुन्हा पाणी येऊन ओसरलं तर टॉवरवर चढण्याआधी प्रत्येक खुंट तपासा.

गच्चीवर उभारणार असाल तर मास्टचा पाय खालच्या कॉलमवर किंवा बीमवर येऊ द्या, नुसत्या स्लॅबवर नको. स्टे चार इंची विटांच्या कठड्याला बांधणं म्हणजे कठडा शेजाऱ्याच्या अंगणात पाठवण्याची तयारी. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया आपल्याकडे घराघरावर दिसतात आणि तारही त्यांनाच गुंडाळली जाते. त्या सळया वर्षानुवर्षं उघड्यावर गंजलेल्या असतात. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा तर तिथे काँक्रीटचा ठोकळा करून त्यात कडी बसवा.

स्टे: अंतर, क्लिपा आणि ताण

खुंट पायापासून टॉवरच्या उंचीच्या 60 ते 80 टक्के अंतरावर असावेत. 12 मीटरच्या मास्टला 80 टक्के म्हणजे साडेनऊ मीटर. प्लॉट लहान म्हणून लोक 3 मीटरवर आणतात. फरक बघा. वरच्या टोकाला 100 किलोचा आडवा जोर आला, तर साडेनऊ मीटरवरच्या तारेत सुमारे 160 किलोचा ताण येतो. 3 मीटरवरच्या तारेत तो 410 किलोच्या पुढे जातो, आणि त्यातला जवळपास 400 किलोचा भार मास्टला खाली दाबतो. जागा नसेल तर मास्ट बुटका करा. रस्त्यापलीकडच्या झाडाला तार नेऊ नका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवरची मोळी किती उंच असते ते सांगलीकरांना सांगायला नको.

तारेच्या क्लिपा उलट्या बसवणं ही इतकी नेहमीची चूक आहे की जुन्या टॉवरवर आधी तेच बघावं. क्लिपचा यू आकाराचा बोल्ट तारेच्या मोकळ्या टोकावर यावा आणि खाचांचा जाड भाग ताण घेणाऱ्या तारेवर. उलट केलं तर यू त्या तारेला चेपून तिचे पदर तोडतो. एका टोकाला निदान तीन क्लिपा, फासात थिंबल (तार चेपू नये म्हणून धातूची खाच), आणि ताण दिल्यावर नट पुन्हा आवळायचे, कारण ताणात तार बारीक होते. टर्नबकलमधून (ताण कमीजास्त करायच्या आट्यांच्या कडीतून) बारीक तार ओवून तो बंद करा. नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो महिन्याभरात आपोआप सुटत जातो.

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षवाल्यांना तार कशी ओढायची हे शिकवायला नको, पण मांडवाची सवय इथे नडते. मांडवाची तार तंग तितकी बरी. टॉवरचा स्टे जास्त ओढला तर सडपातळ मास्ट मधूनच धनुष्यासारखा वाकतो. तार ज्या वजनाला तुटते त्याच्या सुमारे 10 टक्के ताण पुरतो. ओळंबा दोन काटकोनी दिशांनी लावा, एकाच बाजूने बघून "सरळ आहे" म्हणू नका.

लोखंडी स्टे अँटेनाच्या बँडला कंप पावू नये म्हणून त्याचे तुकडे करून मध्ये अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे इन्सुलेटर घालतात, विजेच्या खांबाच्या ताणाला असतात तेच. दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकतील असे बांधा. मग माती फुटली तरी तार सुटत नाही.

उभारणीचा दिवस

महावितरणची लाइन. बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. मास्ट अँटेनासकट जितका उंच, त्याच्या दीडपट अंतरात 11 केव्हीची लाइन किंवा घराची सर्व्हिस वायर असेल तर जागा बदला. दोर सुटला, मास्ट कुठल्याही दिशेला पडला, तरी तो तारेपर्यंत पोचता कामा नये. "आम्ही धरून उभं करतो" हे उत्तर नाही.

आडवा मास्ट उचलताना सर्वांत जास्त जोर सुरुवातीला लागतो. जमिनीलगत दोर ओढून तो उठत नाही, फक्त बुडातून सरकतो. बुडाशी बिजागरी करा आणि तिथेच काटकोनात एक आखूड दांडा उभा करून त्याच्या टोकावरून दोर कप्पीला न्या. मागच्या बाजूचा स्टे आधीच मोजून खुंटाला बांधून ठेवा. हा बांधला नाही तर उभा झालेला मास्ट न थांबता तुमच्या अंगावर येतो. ओरडणारा माणूस एकच असावा. शेजारचे काका, मेहुणा आणि टेम्पोवाला तिघेही सूचना देत असतील तर चहा पाजा आणि लांब बसवा. जाळीच्या टॉवरवर चढायचं तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोर. नुसत्या पाइपच्या मास्टवर चढायचंच नाही.

पाणी आणि वीज

केबलच्या टोकाचा पीएल-259 कनेक्टर जलरोधक नसतो. आतून स्वतःला चिकटणारी रबरी टेप, वर काळी पीव्हीसी टेप, खालून वर गुंडाळलेली. एम-सील थापलंत तर पुढच्या वेळी कनेक्टर कापूनच काढावा लागेल. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तांब्याला खातो. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. बाजारातली निळी प्लॅस्टिकची दोरी उन्हात पिठासारखी भुगा होते, तिच्यावर डायपोल टांगू नका.

अर्थिंगमध्ये एकच चूक वारंवार दिसते. टॉवरची अर्थ वेगळी, घराची वेगळी, आणि दोन्हींचा संबंध नाही. जवळ वीज पडली की दोन्हींत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या रिगमधून (रेडिओ संचातून) वाट काढतो. सगळ्या अर्थ जाड पट्टीने जोडा, केबलचं कवच टॉवरच्या बुडाशी आणि घरात शिरताना अर्थ करा, तिथेच अरेस्टर (विजेचा लोट जमिनीत वळवणारं साधन) बसवा. जत-आटपाडीच्या कोरड्या मुरमात एक सळई पुरत नाही. अनेक ठोका, आणि दोन सळयांत सळईच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा. वळवाचे ढग दिसले की केबल काढायची, पण टेबलावर टाकायची नाही. बाहेरच्या अर्थला लावायची.

बिघाड शोधताना

पावसात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते सांगणारा मीटरवरचा आकडा) चढतो आणि उन्हात उतरतो? कनेक्टरमध्ये पाणी. वाऱ्यात काटा नाचतो? सोल्डरचा सुटलेला डाग, तुटत आलेली तार किंवा फांदीला लागणारं टोक. केबलची लांबी बदलली की रीडिंग बदलतं, माइकला हात लावला की झटका बसतो? केबलच्या कवचावर बाहेरून प्रवाह वाहतोय, अँटेनाच्या तोंडाशी चोक (तो प्रवाह अडवणारं वेटोळं) घाला. एकाच दिशेला फिरवल्यावर बिघडतं? रोटेटरजवळ (अँटेना फिरवणाऱ्या मोटरजवळ) केबलचा झोल आखूड पडलाय.

फसवा बिघाड मात्र तो, ज्यात मीटर छान दिसतो. केबल जुनी झाली, आत पाणी शिरलं, की ती ताकद खाते, जाताना आणि परत येतानाही. नुसत्या जातानाच 3 डेसिबलची, म्हणजे निम्म्या ताकदीची, हानी असेल तर अँटेना पार तुटून पडली तरी रिगजवळच्या मीटरवर एसडब्ल्यूआर 3 च्या वर जाणार नाही. बारीक आरजी-58 केबल 30 मीटर लांब टाकून 2 मीटर बँडवर बोलणाऱ्यांची हानी याच्या दुप्पट, सुमारे 6 डेसिबल, म्हणजे चौथा हिस्साच अँटेनापर्यंत पोचतो. एसडब्ल्यूआर गेल्या वर्षीपेक्षा अचानक सुधारलेला दिसला तर खूश होऊ नका. केबल अँटेनाकडून सोडवा, तिथे 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद पिणारा रोध) आणि वॉटमीटर लावा, खालून 10 वॉट सोडा आणि वर किती येतात ते वाचा.