गॅदरिंगला बेटी बूप करायलात? आधी तिच्या आवाजामागचं भांडण समजून घ्या

लातूर असो नाहीतर परभणी, कॉलेजच्या गॅदरिंगला बेटी बूपचा, म्हणजे त्या जुन्या अमेरिकन कार्टूनमधल्या पोरीचा, अ‍ॅक्ट बसवायलात तर आधी हेडफोन लावून गायिका हेलन केनचं १९२८ चं ‘आय वॉना बी लव्ह्ड बाय यू’ ऐका, लहान पोरीसारखा बारीक आवाज, लाडात ओढलेले शब्द अन् मधेच ते बूप-बूप-अ-डूप, तिथं आवाज फक्त वर उचलायचा, जोर अजिबात लावायचा नाही.

मग १९३० चं ‘डिझी डिशेस’ हे कार्टून बघा. त्यात बेटीला चक्क कुत्र्याचे कान हायेत, पुढं त्याच कानांच्या रिंगा झाल्या.

आता खरा मुद्दा. केननं १९३२ मध्ये बेटीचं कार्टून बनवणारा मॅक्स फ्लायशर अन् पॅरामाउंट या फिल्म कंपनीवर अडीच लाख डॉलरचा दावा लावला, बेटीसाठी माझी ढब चोरली म्हणून. १९३४ ला कोर्टात साक्ष झाली की बेबी एस्थर नावाची काळी पोरगी क्लबात आधीपासून असंच गायची अन् केननं तिला ऐकलं होतं, अन् केन केस हारली. भारुडात एकाची लकब दुसरा उचलतो तसंच हे, पण मला वाटतं एस्थरवर लई अन्याय झाला, नाव केनचं झालं, पैसा कार्टूनवाल्यांचा.

पोस्टरवर एस्थर म्हणून नेटवरचा तो फेमस फोटो लावू नका, ती अलीकडची मॉडेल हाय. अनाउन्समेंटमध्ये मात्र एस्थर अन् केन दोघींची नावं घ्याच.