रँक अ‍ॅन्कोव्हा वापरताना या चुका टाळा

वेदनेच्या गुणांसारखी एका बाजूला झुकलेली मोजमापे हाती आली, की क्लिनिकल ट्रायलचे अनेक विश्लेषक संख्याशास्त्रज्ञ क्वेड यांच्या १९६७ सालच्या, रुग्णांमधील सुरुवातीचा फरक हिशेबात धरून गटांची तुलना करणाऱ्या रँक अ‍ॅन्कोव्हाकडे वळतात. निकाल आणि बेसलाइन (उपचारापूर्वीचे मोजमाप) या दोन्हींना रँक म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्यायचे, निकालाच्या रँकचे बेसलाइनच्या रँकवर रिग्रेशन करायचे, म्हणजे बेसलाइनवरून निकालाचा अंदाज बांधायचा, आणि उरलेल्या रेसिड्युअलची (प्रत्यक्ष रँक आणि अंदाज यांतील फरकाची) गटांमध्ये तुलना करायची, एवढीच ती पद्धत. मात्र तिचा सारा आधार यादृच्छिक वाटपावर, म्हणजे रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटण्यावर असल्यामुळे, कोणाला कोणते औषध मिळाले ही माहिती शेवटच्या तुलनेआधी गणितात शिरली, तर निष्कर्षावर विसंबता येत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रत्येक गटाला स्वतंत्र रँक देणे. समजा, औषध गटातील गुण १२, ३०, ४५ आणि प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) गटातील २०, ५०, ७१ आहेत. सहाही रुग्णांना एकत्र रँक दिल्यास बेरजा ८ आणि १३ येतात. गट वेगळे केल्यास दोन्हीकडे १, २, ३ येऊन फरकच पुसला जातो. आधीच्या एखाद्या तक्त्यासाठी लिहिलेली गटवारीची ओळ कोडमध्ये तशीच राहिलेली असते, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. वाटप केंद्रनिहाय झाले असेल, तर रँक केंद्राच्या आत द्यावी, पण तिथेही दोन्ही गट एकत्रच ठेवावेत.

पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) नेमकी १ आली, तर रिग्रेशनमध्ये उपचाराचा चल घातला गेला आहे का, ते आधी पाहावे. तसे झाले असल्यास दोन्ही गटांच्या रेसिड्युअलची सरासरी गणितानेच शून्य होते आणि तुलना करायला काही उरत नाही. या दोन्ही चुका पकडण्याचा खात्रीचा उपाय असा, की डेटातून गटाचा कॉलम काढून टाकावा आणि रेसिड्युअल मिळेपर्यंतचा प्रोग्राम चालवावा; तो मध्येच अडला, तर दोष तिथेच आहे.

समान मूल्यांना सरासरी रँक द्यावी, हे बहुतेकांना ठाऊक असते.

कोव्हेरिएटची, म्हणजे तुलनेत हिशेबात धरायच्या बेसलाइनसारख्या घटकाची, निवड मात्र वारंवार चुकते. बेसलाइनच्या तक्त्यात ज्या घटकाची पी-व्हॅल्यू लहान दिसली तोच उचलणे योग्य नाही, कारण निकालाशी घट्ट संबंध असलेला घटक गटांत समतोल असला तरी अचूकता वाढवतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या मे २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही ही निवड आधीच ठरवलेली असावी. चोविसाव्या आठवड्याच्या निकालासाठी उपचार सुरू झाल्यानंतरची चौथ्या आठवड्याची तपासणी कोव्हेरिएट म्हणून घेतल्यास औषधाच्या परिणामाचाच काही भाग वजा होतो.

या पद्धतीतून फरक आहे की नाही एवढेच कळते, किती आहे ते नाही. त्यामुळे तिच्या पी-व्हॅल्यूशेजारी मूळ गुणांवरून काढलेला हॉजेस-लेहमन अंदाज (दोन गटांतील गुणांच्या सर्व जोड्यांमधील फरकांचा मध्यक) छापताना, तो बेसलाइनसाठी समायोजित केलेला नाही, असे स्पष्ट लिहावे. समायोजित फरकच हवा असेल, तर बेसलाइनमधील अपेक्षित फरक शून्य धरून निकालातील फरक दुरुस्त करणारी, रँडमायझेशनवर आधारित अ‍ॅन्कोव्हा अधिक सोयीची ठरते. फक्त गट लहान आणि कोव्हेरिएट बरेच असतील, तर तिची प्रमाणित त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.